प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) रोज सकाळी बदलतो, फिक्स कसा करायचा? (वाशी मार्केटमधलं ऑफिस)

पेटीवाला | मंगळवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी. वाशीला एपीएमसीत फळ मार्केटमध्ये एका गाळ्यावर ऑफिस सांभाळतो. काम बिलिंगचं, पण कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं की सगळे माझ्याकडेच बघतात कारण वय सगळ्यात कमी.

आमच्याकडे एक लेझर प्रिंटर आहे, ऑल-इन-वन, नेटवर्कवाला. वायरने राउटरला जोडलाय. खाली दोन पीसी, वर पोटमाळ्यावर दिवाणजींचा लॅपटॉप. प्रॉब्लेम असा की पहाटे दुकान उघडलं की बऱ्याचदा प्रिंटर ऑफलाइन दाखवतो. रोज नाही, पण आठवड्यातून दोनतीन वेळा तरी. मग मी प्रिंटर डिलीट करतो आणि परत अ‍ॅड करतो, की लगेच चालतो, त्यामुळे आता लिस्टमध्ये एकाच प्रिंटरच्या कॉपी १, कॉपी २, कॉपी ३ अशा झाल्यात आणि दिवाणजी मला विचारतात यातला खरा कुठला. कधीकधी तर परत अ‍ॅड करूनही चालत नाही, मग प्रिंटर बंद करून चालू केला की चालतो. आणि अजून एक गंमत, कधी दिवाणजींच्या लॅपटॉपवरून प्रिंट निघते आणि त्याच वेळी माझ्या पीसीवरून निघत नाही.

सीझन हापूसचा चालू आहे. गाडीवाला हिशोबपट्टी हातात घेतल्याशिवाय कोकणात परत निघत नाही आणि त्याच वेळी हे नाटक. शेजारच्या गाळ्यावरचा म्हणाला आयपी फिक्स कर. प्रिंटरच्या मेनूत ऑटो आणि मॅन्युअल असे दोन पर्याय दिसतात, मॅन्युअल केलं की तीन रकाने येतात. काय भरू?

तलावपाळीची_भेळ | मंगळवार, दुपारी १२:३४

वाचनखूण साठवली. आमच्या क्लासमध्ये पण सेम. पोरांचे पेपर छापायच्या दिवशीच ऑफलाइन जातो, बाकी दिवस एकदम गुणी.

जुना_केबलवाला | मंगळवार, दुपारी १:०५

सोप्पंय. मॅन्युअल करा आणि भरा:
आयपी १९२.१६८.१.२५०
सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०
गेटवे १९२.१६८.१.१

गेटवे म्हणजे तुमच्या राउटरचा पत्ता, तो आधी पीसीवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग मारून बघा, डिफॉल्ट गेटवे समोर जे येईल ते. पहिले तीन आकडे त्याच्याशी जुळले पाहिजेत. राउटर १९२.१६८.०.१ असेल तर प्रिंटर १९२.१६८.०.२५०. बास. वागळे इस्टेटपासून कळव्यापर्यंत एवढी वर्षं एएमसी (वार्षिक देखभालीची कंत्राटं) करतोय, ऑफिस कुठलंही असो प्रिंटर मी कधी ऑटोवर सोडत नाही.

महापे_नाईटशिफ्ट | मंगळवार, दुपारी १:४८

केबलवाले काका, पत्ता फिक्स करायचा हे बरोबरच, पण आत्ता घाई करू नका असं सांगेन. त्यांनी तीन लक्षणं दिलीत आणि तिन्हीचं कारण एकच असेलसं वाटत नाही.

पेटीवाले, एवढं बघून सांगा.
रात्री बंद करताना काय काय बंद करता? राउटर पण?
राउटरच्या पानावर डीएचसीपी (राउटर आपोआप पत्ते वाटतो ते) मध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता काय दिलाय?
प्रिंटर रुसेल तेव्हा त्याच्याच मेनूतून नेटवर्कचा कागद छापा (तो पीसीशिवाय निघतो) आणि त्यावर जो आयपी असेल तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकून एंटर मारा. प्रिंटरचं स्वतःचं एक पान उघडतं. उघडलं का, आणि काय उघडलं ते सांगा.

खारघरचा_पाऊस | मंगळवार, दुपारी ३:२०

थोडं अवांतर, माझा घरचा वायफाय प्रिंटर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवतो. हा पण फिक्स करायचा का?

महापे_नाईटशिफ्ट | मंगळवार, दुपारी ३:३१

नाही, तो पत्ता राउटरने दिलेलाच नाही. प्रिंटरने "मला पत्ता द्या" म्हणून हाक मारली, कुणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. १६९.२५४ दिसलं की समजायचं प्रिंटर राउटरपर्यंत पोचतच नाहीये. वायफायचा पासवर्ड बदललाय का बघा. आणि बरेचसे घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तुम्ही ५ वालं नाव निवडायला गेलात तर त्याला ते दिसणारच नाही.

खारघरचा_पाऊस | मंगळवार, दुपारी ४:०२

पासवर्डच. मुलाने बदलला होता आणि मला सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

पेटीवाला | बुधवार, सकाळी १०:५५

सगळं बघितलं. आज सकाळी नेमका रुसला होता त्यामुळे बरं झालं.

रात्री जाताना मेन स्विचच पाडतो. शॉर्टसर्किटची भीती म्हणून शेठचा नियमच आहे. म्हणजे राउटर, प्रिंटर, पीसी, कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) सगळं बंद आणि पहाटे सगळं एकदम चालू.

राउटरवर १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ असं लिहिलंय.

आता खरी गंमत. प्रिंटरच्या कागदावर १९२.१६८.१.१०८ आलं. ते ब्राउझरमध्ये टाकलं तर कॅमेऱ्याचं लॉगिन पान उघडलं!! वर कंपनीचं नाव, खाली युजर आणि पासवर्ड. दिवाणजींच्या लॅपटॉपवर तोच पत्ता टाकला तर प्रिंटरचं पान आलं, टोनर किती उरलाय वगैरे. हॅक झालंय का काही?

तलावपाळीची_भेळ | बुधवार, सकाळी ११:०१

रात्री कॅमेरे बंद आणि दिवसा चालू? चोरांना टाइमटेबल व्हॉट्सअ‍ॅप केलंय का?

पेटीवाला | बुधवार, सकाळी ११:०९

अहो रात्री गाळ्यात असतं काय, रिकाम्या पेट्या आणि गवत. कॅमेरे दिवसा माल उतरताना पेट्या मोजायला लावलेत.

महापे_नाईटशिफ्ट | बुधवार, दुपारी १२:४०

हॅक वगैरे काही नाही, उलट सगळा उलगडा झाला. जरा लांब लिहितो.

डीएचसीपी म्हणजे सोसायटीच्या पार्किंगचं रजिस्टर समजा. राउटर हा सेक्रेटरी. गाडी आली की रिकामी जागा बघतो, नंबर देतो, रजिस्टरमध्ये लिहितो. तुमच्या राउटरकडे वाटायला १०० ते १९९ एवढ्या जागा आहेत. पण डीव्हीआर लावताना कॅमेरेवाल्याने त्याला १०८ नंबर परस्पर डीव्हीआरमध्येच टाकून दिलाय (किंवा बदललाच नाही, काही कंपन्यांचा माल फॅक्टरीतूनच १९२.१६८.१.१०८ वर येतो) आणि सेक्रेटरीला त्याचा पत्ताच नाही. त्याच्या रजिस्टरात १०८ रिकामी.

आता पहाटे मेन स्विच वर केला. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचं रजिस्टर मेमरीत असतं, लाईट गेली की कोरं. मग जो आधी मागेल त्याला १००, पुढच्याला १०१ असं परत पहिल्यापासून. कुणाचा मोबाइल आधी जोडला गेला, पीसी आधी चालू झाला की प्रिंटर, यावर प्रिंटरला काय मिळेल ते ठरणार. म्हणून प्रिंटर एक दिवस १०३, दुसऱ्या दिवशी १०५. विंडोजने मात्र प्रिंटर अ‍ॅड करताना जो पत्ता होता तोच पकडून ठेवलाय, ते बिचारं १०३ वरच पट्टी पाठवत बसतं आणि ऑफलाइन सांगतं. डिलीट करून अ‍ॅड केलं की नवीन पत्ता पकडतं आणि चालतं. हे तुमचं पहिलं लक्षण.

ज्या दिवशी प्रिंटरची पाळी नेमकी १०८ वर येते त्या दिवशी दुसरं लक्षण. डीव्हीआर सुरू व्हायला वेळ घेतो, हार्ड डिस्क तपासणार, कॅमेरे शोधणार, प्रिंटर त्याच्या आधी तयार होऊन १०८ घेऊन मोकळा. मग डीव्हीआर जागा होतो आणि तोही १०८ वरच. एका नंबरवर दोन गाड्या.

आणि तिसरं, तुमच्याकडून निघत नाही पण दिवाणजींकडून निघते. प्रत्येक पीसी आपल्यापुरती एक यादी ठेवतो की अमुक आयपी म्हणजे अमुक मॅक अ‍ॅड्रेस. मॅक म्हणजे यंत्राला कंपनीतूनच मिळालेला नंबर. तुमच्या पीसीला १०८ म्हटल्यावर डीव्हीआरने उत्तर दिलं, दिवाणजींच्या लॅपटॉपला प्रिंटरने. दोन्हीकडे काळ्या खिडकीत एआरपी -ए कमांड मारून ती यादी बघा, १०८ समोर वेगवेगळे मॅक दिसायला हवेत. त्यातला एक प्रिंटरच्या कागदावर छापलेला असेल.

प्रिंटर बंद-चालू केल्यावर का चालतो? तोपर्यंत डीव्हीआर जागा झालेला असतो. आता १०८ वर कोणीतरी उत्तर देतंय हे राउटरला किंवा प्रिंटरला कळतं आणि दुसरा नंबर मिळतो.

सानपाडा_स्लो_लोकल | बुधवार, दुपारी २:१५

वरच्या पोस्टला +१, फक्त एक तांत्रिक पुरवणी. पत्ता देण्याआधी तो वापरात आहे का हे राउटरने पिंग करून (म्हणजे त्या पत्त्यावर हाक मारून) तपासावं आणि पत्ता मिळाल्यावर यंत्रानेही एआरपीने तपासावं असं डीएचसीपीच्या मूळ कागदातच आहे, आरएफसी २१३१, १९९७ सालचा. पण "तपासावं" असं आहे, "तपासलंच पाहिजे" असं नाही, त्यामुळे कंपन्या आपापल्या सोयीने घेतात. आणि इथे तर दोघांनी तपासलं तरी उपयोग नव्हता, कारण त्या क्षणी डीव्हीआर झोपलेलाच.

दुसरं म्हणजे सगळेच राउटर पहिल्यापासून ओळीने वाटत नाहीत. ज्यात डीएनएसमास्क नावाचं सॉफ्टवेअर असतं ते मॅक अ‍ॅड्रेसवरून गणित करून नंबर काढतात, त्यामुळे रजिस्टर कोरं झालं तरी त्याच यंत्राला बहुतेक वेळा तोच पत्ता परत मिळतो. म्हणून काही जणांचा प्रिंटर वर्षानुवर्षं ऑटोवर बिनतक्रार चालतो आणि ते छातीठोक सांगतात की काही फिक्स करायची गरज नाही, आणि ते खोटंही बोलत नसतात.

जुना_केबलवाला | बुधवार, दुपारी २:५०

बरं, निदान झालं. पण औषध मी सांगितलं तेच ना? २५० हा नंबर १०० ते १९९ च्या बाहेर आहे. प्रिंटर मॅन्युअल २५० वर टाका, डीव्हीआर कुठेही असू दे, विषय संपला.

नौपाडा_टॅक्सवाली | बुधवार, दुपारी ४:२६

काका, विषय कधी संपतो आणि कधी नाही ते सांगते. नौपाड्यात आमचं रिटर्न भरायचं छोटं ऑफिस आहे. आमचा प्रिंटर असाच मॅन्युअलवर होता, १९२.१६८.१.२०० का काहीतरी. ऐन जुलैअखेरीस आम्ही नेटचं कनेक्शन बदललं, नवीन डबा आला, आणि नवीन डब्याचा पत्ता १९२.१६८.२९.१. सगळे पीसी ऑटोवर होते ते आपोआप २९ मध्ये गेले, प्रिंटर बसला १ मध्ये. ना पिंग ना प्रिंट. ज्याने सेटिंग केलं होतं तो मुलगा नोकरी सोडून गेलेला, त्यामुळे प्रिंटर मॅन्युअलवर आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. एकतीस तारीख तोंडावर आणि आम्ही पेन ड्राइव्ह घेऊन खालच्या झेरॉक्सवाल्याकडे.

त्यानंतर आमच्या आयटीवाल्याने राउटरवर रिझर्व्हेशन करून दिलं. प्रिंटर ऑटोवरच, पण राउटरला सांगून ठेवलंय की हा मॅक आला की याला हाच पत्ता दे.

जुना_केबलवाला | बुधवार, संध्याकाळी ५:१०

ताई, राउटर बदलला की रिझर्व्हेशनही गेलंच ना जुन्या डब्याबरोबर? मग फायदा काय.

नौपाडा_टॅक्सवाली | बुधवार, संध्याकाळी ५:२२

गेलं तरी प्रिंटर नवीन डब्याकडून काहीतरी पत्ता घेतो हो. नेटवर्कवर दिसतो तरी. पीसीवर पत्ता बदलला की काम चालू. मॅन्युअलवाला तर दिसतच नाही, जणू विकून टाकलाय.

जुना_केबलवाला | बुधवार, संध्याकाळी ५:४०

हे मान्य. पण कितीतरी फुकटच्या डब्यांत रिझर्व्हेशनचं पानच लपवलेलं असतं नाहीतर सेव्हच होत नाही. आणि माझ्या गिऱ्हाइकांना राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड कधीही माहीत नसतो. प्रिंटरच्या मेनूत मात्र मी उभ्या उभ्या करून येतो.

सानपाडा_स्लो_लोकल | बुधवार, संध्याकाळी ६:१८

दोघंही बरोबर आहात, म्हणजे भांडण चालू ठेवायला हरकत नाही.

माझं मत विचाराल तर राउटर तुमच्या ताब्यात असेल तर रिझर्व्हेशन. सगळे नंबर एकाच ठिकाणी लिहिलेले राहतात, पुढच्या माणसाला यंत्रं धुंडाळत फिरावं लागत नाही. राउटर ताब्यात नसेल, पासवर्ड नसेल, तर मॅन्युअल, पण वाटपाच्या पट्ट्याच्या बाहेर. आणि बाहेर म्हणताना नुसता १९९ च्या पुढचा कुठलाही नंबर नाही हं, बोटाच्या हजेरीचं मशीन असेल तर ते बऱ्याचदा फॅक्टरीतून १९२.१६८.१.२०१ वर येतं. म्हणजे २०० भरलं तर वाचलात, २०१ भरलं तर परत हीच रड. नंबर टाकण्याआधी पिंग मारून बघायचं, आणि सगळी यंत्रं चालू असताना मारायचं. पिंगला उत्तर नाही म्हणजे नंबर रिकामाच असंही नाही, काही यंत्रं पिंगला तोंडच उघडत नाहीत, म्हणून लगेच एआरपी -ए पण बघायचं. यंत्र असेल तर तिथे त्याचा मॅक दिसतो.

पेटीवाला | बुधवार, रात्री ९:०५

आमचा राउटर शेठनेच विकत घेतलेला आहे, पासवर्ड माझ्याकडे आहे, आणि अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन नावाचं पान पण दिसतंय. मग डीव्हीआरचा १०८ काढून त्याला दुसरा देऊ का? मूळ घुसखोर तोच आहे.

महापे_नाईटशिफ्ट | बुधवार, रात्री ९:३०

डीव्हीआरला हात लावू नका!! शेठ घरून मोबाइलवर कॅमेरे बघतात का?

पेटीवाला | बुधवार, रात्री ९:३३

हो. दिवसभर. फोन करून सांगतात त्या कोपऱ्यातली पेटी उघडी का आहे.

महापे_नाईटशिफ्ट | बुधवार, रात्री ९:५२

मग राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आलेली मागणी आतल्या कुठल्या यंत्राकडे पाठवायची त्या) पानात १०८ लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. तुम्ही डीव्हीआरचा नंबर बदलला की शेठच्या मोबाइलवर काळा पडदा, आणि कॅमेरेवाला सीझनमध्ये फोन उचलणार नाही. डीव्हीआर जिथे आहे तिथे राहू द्या, वाटपाचा पट्टाच त्याच्यापासून लांब न्या. दुपारी मार्केट शांत झालं की करा:

आधी प्रिंटरच्या कागदावरून मॅक अ‍ॅड्रेस उतरवून घ्या. बारा अक्षरं-आकडे असतात. कागदावर दोन मॅक असतील, एक वायरचा एक वायफायचा. तुमचा वायरने आहे, वायरचाच घ्या. चुकीचा घेतला तर राउटर आनंदाने सेव्ह करेल आणि काहीच होणार नाही.

मग राउटरवर डीएचसीपीचा पट्टा १०० ते १९९ चा १५० ते १९९ करा. पन्नास नंबर तुम्हाला भरपूर. (ड्रायव्हर आणि हमाल लोकांना वायफायचा पासवर्ड वाटत असाल तर गेस्ट नेटवर्क काढून त्यांना तिकडे ठेवा, नाहीतर पन्नासही पुरणार नाहीत.)

मग रिझर्व्हेशनमध्ये प्रिंटरचा मॅक आणि १९२.१६८.१.१५० टाका. काही राउटर पट्ट्याच्या बाहेरचा नंबर रिझर्व्ह करू देतात, काही देत नाहीत, पट्ट्यातलाच मागतात. १५० मध्ये काही वाद नाही. डीव्हीआरचा मॅक आणि १०८ पण टाकून बघा, घेतलं तर उत्तम, निदान लिहिलेलं राहील.

राउटर बंद करून चालू, मग प्रिंटर, मग पीसी. जुने पत्ते सगळ्यांच्या डोक्यातून जायला हवेत.

शेवटी विंडोज. इथेच लोक अडकतात. परत डिलीट-अ‍ॅड करू नका. प्रिंटर प्रॉपर्टीज मध्ये पोर्ट्स नावाचा टॅब आहे. टिक कुठल्या पोर्टवर आहे बघा. स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट असेल तर कॉन्फिगर पोर्ट दाबून आत फक्त पत्ता १५० करा, रॉ आणि ९१०० आहे तसंच राहू द्या. डब्ल्यूएसडी असं काही लिहिलेलं असेल तर अ‍ॅड पोर्टमधून नवीन टीसीपी/आयपी पोर्ट १५० चा बनवा आणि टिक त्यावर आणा. डब्ल्यूएसडी प्रिंटर आपोआप शोधतं हे खरं पण ते कधी हरवेल याचा भरवसा नाही, धंद्याच्या ठिकाणी नको.

तिथेच खाली एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड अशी एक टिक असते. सगळं बरोबर असून, पिंग येत असून, प्रिंटर ऑफलाइन दाखवत राहिला तर ती काढा. विंडोज प्रिंटरला एसएनएमपीवर "कसा आहेस" विचारतं आणि उत्तर आलं नाही की परस्पर ऑफलाइन ठरवतं.

तलावपाळीची_भेळ | बुधवार, रात्री १०:१५

ती एसएनएमपीची टिक आत्ता घरून रिमोटने काढली. ऑफलाइन दाखवायचं थांबलं. वर्षभर क्लासच्या प्रिंटरला शिव्या घालत होतो राव.

पेटीवाला | गुरुवार, संध्याकाळी ४:४०

केलं सगळं. रिझर्व्हेशनमध्ये १५० घेतलं, डीव्हीआरचं १०८ नाही घेतलं, पट्ट्याच्या बाहेर आहे म्हणाला. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये खरंच १०८ होतं, बरं झालं हात नाही लावला. खालच्या एका पीसीवर टीसीपी/आयपी पोर्ट होता, तिथे नुसता पत्ता बदलला. दुसऱ्यावर आणि दिवाणजींकडे डब्ल्यूएसडी होतं, तिथे नवीन बनवला. कॉपी १ कॉपी २ सगळ्या उडवल्या, एकच ठेवला आणि त्याचं नाव "पट्टी प्रिंटर" करून टाकलं. मेन स्विच मुद्दाम खाली-वर करून बघितला, प्रिंटर १५० वरच येतोय. ब्राउझरमध्ये १५० टाकलं की टोनरचं पान.

एकच राहिलं. मी स्कॅन करून मेल पाठवायचं प्रिंटरवरच सेट केलंय, रिटर्न आलेल्या मालाचे फोटो वगैरे. ते चालू राहील ना?

सानपाडा_स्लो_लोकल | गुरुवार, संध्याकाळी ५:०२

रिझर्व्हेशनमध्ये राहील, कारण गेटवे आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा) राउटरच देतो. हा प्रश्न मॅन्युअलवाल्यांना येतो. तिथे लोक आयपी आणि मास्क भरतात आणि गेटवे किंवा डीएनएस रिकामं सोडतात. प्रिंट मस्त निघते, कारण प्रिंट घरातल्या घरात जाते, तिला बाहेरचा रस्ता लागत नाही. मेल मात्र जात नाही आणि मग सगळे मेलचा पासवर्ड तपासत बसतात.

जुना_केबलवाला | गुरुवार, संध्याकाळी ५:३०

डीएनएसचा रकाना मी पण भरतो हं, राउटरचाच पत्ता टाकतो. उगाच मॅन्युअलवाल्यांना नावं नको.

पेटीवाले, डीव्हीआरचा नंबर, प्रिंटरचा नंबर आणि राउटरचा पासवर्ड कुठेतरी लिहून दिवाणजींच्या चोपड्यात ठेवा. तुम्ही सुट्टीवर गेलात की शेठ मलाच फोन करतील.

नौपाडा_टॅक्सवाली | शुक्रवार, सकाळी ११:१२

याच धाग्यात विचारते. आमच्याकडे एक जुना छोटा लेझर पडलाय, स्क्रीन नाही, दोन बटणं आणि दिवे फक्त. तो बहुतेक कुठल्या तरी मॅन्युअल पत्त्यावर अडकलाय. नव्याने वापरायचा तर पत्ता शोधू कसा? राउटरच्या यादीत येत नाही.

महापे_नाईटशिफ्ट | शुक्रवार, दुपारी १:२०

येणारच नाही, त्याने राउटरकडे मागितलंच नाही ना. आधी एखादं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, बऱ्याच छोट्या प्रिंटरमधून माहितीचा कागद निघतो, त्यावर आयपी असेल. कुठलं बटण ते मॉडेलप्रमाणे बदलतं. कागदावर समजा १९२.१६८.१.२०० आला तर लॅपटॉपचं वायफाय बंद करून नेटवर्कची वायर लॅपटॉपमधून थेट प्रिंटरमध्ये लावा, लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.१० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि ब्राउझरमध्ये २०० उघडा. आतमध्ये नेटवर्कच्या पानावर मॅन्युअलचं ऑटो करा, सेव्ह करा. मग लॅपटॉप परत ऑटोवर आणायचं विसरू नका, नाहीतर संध्याकाळी लॅपटॉपचं नेट गेलं म्हणून नवीन धागा काढाल.

कागद निघालाच नाही तर मागे बारीक भोकात रिसेटचं बटण आहे का बघा.

नौपाडा_टॅक्सवाली | शुक्रवार, दुपारी १:३८

कागद निघाला! १९२.१६८.१.२०१ आहे. आमच्याकडे हजेरीचं मशीन पण आहे. आता ते कुठल्या नंबरवर आहे ते बघून येते.